डाव्या हाताची भवानी

साळूमावशीने माझं मनगट हवेतच धरलं. मुठीतली शेवंती तिच्या तागडीत पडायच्या आत तिने ती झटकून परत आमच्या पाटीत पाडली आणि पार पलीकडच्या हारवाल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "भवानीची फुलं डाव्या हातानं देतोय व्हय रं? मोतीरामनानाचाच ना तू?" गोदाकाठच्या फूलबाजारात सकाळी कुणीच हळू बोलत नाही, त्यामुळे ओरडण्याचं कुणाला काही नव्हतं. पण दिवसाची पहिली विक्री, तीही देवाच्या हारांची फुलं, आणि ती डाव्या हाताने, हे ऐकून दोन-चार माना वळल्याच. कुणीतरी म्हणालं, "विमानवाला हाय तो. तिकडं चालत आसंल." हशा पिकला. मीही हसलो. खरं तर मला तिथेच नाचावंसं वाटत होतं. साळूमावशीने धरलेल्या माझ्याच हाताकडे मी कौतुकाने बघत राहिलो. त्याला मी काहीसुद्धा सांगितलं नव्हतं. उजवा हात पाटीच्या कडेवर होता, मोकळा होता, आणि तरी डावा आपण होऊन खाली गेला, गार ओल्या फुलांत शिरला, मूठ भरून वर आला आणि तागडीकडे निघाला. मधे मी नव्हतोच. "हसतो काय मेल्या, उजव्या हातानं दे," मावशी म्हणाली. मी उजव्या हाताने दिली. तिने ती डोळ्यांना लावली, पैसे कपाळाला लावून माझ्या उजव्या तळहातावर ठेवले, आणि माझ्या नावाने खडे फोडत पुढचं वजन करायला लागली.

नीट सांगायला हवं, नाहीतर डाव्या हाताने फुलं दिली म्हणून हरखून जाणारा माणूस वेडाच वाटेल. मी आखातातल्या एका विमान कंपनीत वैमानिक आहे. म्हणजे अजून फर्स्ट ऑफिसर, कॅप्टनच्या उजव्या बाजूला बसणारा. आमच्या विमानात दोघांच्या मधे मोठा दांडा वगैरे नसतो. प्रत्येकाच्या बाहेरच्या अंगाला, खिडकीखाली, मुठीत मावेल एवढी एक काठी असते आणि सगळं विमान त्या मुठीत. उजवीकडे बसणाऱ्याची काठी उजव्या हातात, आणि मधले इंजिनांचे दांडे डाव्या. डावीकडे बसणाऱ्याचं सगळं उलटं. इतकी वर्षं मी उजव्या हाताने विमान उतरवत आलो, कोलंबोच्या पावसात, नैरोबीच्या उंचावर, वाळूच्या वादळाच्या कडेकडेने, आणि कधी कुणी बोट ठेवलं नाही. पण कॅप्टन व्हायचं तर डावीकडच्या खुर्चीत बसायचं, आणि तिथे बसलं की तेच काम डाव्या हाताने. बहुतेकांना थोडे दिवस जड जातं आणि मग अंगवळणी पडतं. माझ्या काही ते पडलं नाही. मागच्या खेपेला परीक्षेच्या दिवशी सिम्युलेटरमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या त्या खोट्या विमानात, आडवा वारा लावलेला होता. धावपट्टी काचेतून इकडून तिकडे सरकत होती आणि माझा डावा हात काठीवर असूनही काही करेना. क्षणभरच. पण जमीन जवळ आल्यावर क्षणसुद्धा पुरतो. शेजारी परेरा होते, आमचे परीक्षक, श्रीलंकेचे, केस पिकलेले, कधी आवाज न चढवणारे. त्यांनी विमान आपल्या हातात घेतलं आणि शांतपणे उतरवलं.

बाहेर आल्यावर चहा पिताना परेरा म्हणाले, "तुझा हात घाबरलेला नाही, कुंदन. घाबरलेला हात मला ओळखू येतो. हा परवानगी मागत बसतो. कुणाची, ते तुला माहीत." मग साखर ढवळत आणखी एकदा परीक्षा घेऊ म्हणाले. "ज्या दिवशी हात तुला न विचारता जाईल त्या दिवशी समज, की तू तयार आहेस." दुसऱ्यांदा नाही जमलं तर काय, हे त्यांनी सांगितलं नाही, पण आमच्यात सगळ्यांना ते ठाऊक असतं. तिसरी वेळ नसते. मग उजवीकडच्या खुर्चीतच केस पांढरे करायचे आणि आपल्यामागून आलेली पोरं डावीकडे येऊन बसताना त्यांना हसून शुभेच्छा द्यायच्या. मला ते नको होतं. मला ती खुर्ची हवी होती, आणि किती हवी होती ते सांगायला मला लाज वाटत नाही. लहानपणी जत्रेतल्या पाळण्यात वरचाच डबा हवा म्हणून मी रडायचो, तेवढी हवी होती.

तो परवानगीचा शब्द डोक्यात घेऊनच मी रजेवर नाशिकला आलो. शुभांगी, माझी बायको, आणि आमची लेक तिकडेच राहिल्या, लेकीची शाळा चालू होती म्हणून. निघताना शुभांगी म्हणाली, "तिथे सगळं डाव्या हाताने कर. पण आईंच्या समोर नको बाई." तिला सगळं ठाऊक आहे. घरी मी एवढंच सांगितलं की परीक्षा पुढे गेली, आणि त्यात खोटं काही नव्हतं. मखमलाबादच्या आमच्या मळ्यात मग माझा चोरटा अभ्यास सुरू झाला. दात घासायचे ते डाव्या हाताने. विहिरीवरची मोटर चालू करायची ती डाव्या हाताने, खोलीची कडी, सदऱ्याची बटणं, दाढी, आणि दाढीत कापून घेतलं की नानांना सांगायचं, ब्लेड जुनं होतं. चहातली साखर डाव्या हाताने ढवळताना आई आत आली की चमचा झटकन उजव्या हातात. चौतिशीतला बाप्या मी. मागे विमानभर माणसं माझ्या भरवशावर घोरत असतात, आणि मी आईच्या जोडव्यांचा आवाज आला की चमचा बदलतो. मला हसू यायचं आणि चीडही यायची. हात शिकत होता, नाही असं नाही. पण प्रत्येक वेळी आधी मी मनात हुकूम सोडायचा आणि मग तो हलायचा. वर्गातला शहाणा मुलगा जसा विचारल्याशिवाय बोलत नाही. आणि आज नानांचा गुडघा दुखतोय म्हणून त्यांच्याऐवजी मी बाजारात आलो काय, आणि त्या गर्दीत, त्या ओरड्यात, वासात, माझं लक्ष दुसरीकडे असताना तो गेला काय! परेरांना फोन करावासा वाटला. काय सांगणार होतो? सर, मी डाव्या हाताने शेवंती दिली.

पाट्या रिकाम्या झाल्यावर टेम्पो घेऊन पंचवटीतून मखमलाबाद नाक्याकडे निघालो तेव्हा मी मोठमोठ्याने गात होतो. इथे गिअर डाव्या हाताला. तिकडे गाड्यांचं सगळं उलटं असतं, त्यामुळे रजेवर आलो की पहिले काही दिवस माझा उजवा हात गिअर शोधत दारावर आपटतो. आज नाही आपटला. नाक्यावर शेजारच्या रिक्षावाल्याने मान बाहेर काढून विचारलं, "काय शेठ, लॉटरी लागली का?" "भवानी झाली," मी म्हणालो. त्याला काय कळलं कोण जाणे, पण त्याने हॉर्न वाजवून आनंद व्यक्त केला. थंडी अजून अंगाला लागत होती आणि मी काच खाली ठेवली होती. संक्रांत होऊन गेली होती तरी गच्च्यांवर पोरं होतीच. कापलेला एक पतंग विजेच्या तारांत फडफडत होता. त्याच्याकडे बघता बघता माझ्या डाव्या हाताची बोटं स्टीअरिंगवर आपोआप आत वळली, जणू त्यांच्यावरून मांजा चाललाय. बोटांना आठवत होतं. मला आठवायच्या आधी त्यांना आठवलं.

कारण मी जन्माने डावरा. हे मी कंपनीत कुणाला सांगितलेलं नाही, परेरांनासुद्धा नाही. लहान असताना मी सगळं डाव्या हाताने करायचो, आणि मग एक दिवस आईने जुन्या लुगड्याची चिंधी फाडली आणि माझा डावा हात करदोड्याला बांधला. जेवताना बांधायचा, बाजारात नेताना बांधायचा. चिंधीचा रंग आठवतो, विटका जांभळा, आणि तिला येणारा फुलांचा आणि घामाचा वास. हात कमरेपाशी गरम व्हायचा आणि त्याला मुंग्या यायच्या. उजव्या हाताने घास उचलला की तो वाटेत सांडायचा, आई पुन्हा हातात द्यायची, रागावून नव्हे, कंटाळून. शाळेत गेल्यावर चिंधीची गरज उरली नाही, गुरुजींची पट्टी होती. दुसरी संपेपर्यंत मी पक्का उजवा झालो. सगळे म्हणाले, सुटला एकदाचा. हात मात्र कुठे गेला नव्हता. तो विहिरीत पोहताना पुढे असायचा. दगड मारायला तोच. आणि संक्रांतीला तर त्याचं राज्य, कारण पतंग उडवणाऱ्याचा हात कुठला हे कुणीच बघत नाही, सगळे वरच बघतात. मामाने येवल्याहून आणलेली आसारी, म्हणजे मांजाची फिरकी, मी उजव्या काखेत धरायचो आणि मांजा डाव्या बोटांवर. वर कुठेतरी वारा पतंगाला ढकलायचा आणि ते ढकलणं दोऱ्यातून उतरून माझ्या तर्जनीत यायचं. मग मी किंचित मनगट वळवायचो आणि वरचा पतंग ऐकायचा. अशाच एका दुपारी ओझरकडून मिग आलं. ओझरची विमानं आम्हाला नवीन नव्हती, पण ते फार खालून गेलं. छातीत धडधड झाली, शेतातले बगळे उठले आणि आवाजाने की वाऱ्याने माझ्या पतंगाला हिसका बसला. तो हिसका डाव्या हातात, आणि डोळ्यांपुढे ते चकचकीत पोट. वैमानिक व्हायचं माझ्या मनात आलं ते तेव्हा. पुढे नानांनी रस्त्याकडचा तुकडा विकून मला इंदूरच्या फ्लाइंग क्लबात घातलं, नातेवाइकांनी तोंडात बोटं घातली, नव्वद साली सुरू झालेली ही धावपळ दोन हजार साल उलटल्यावर आखातात पोचली, हे सगळं खरं. पण ते वेड माझ्यात शिरलं ते त्या हातातून, आणि त्यालाच मी इतकी वर्षं इंजिनांच्या दांड्यावर निमूट बसवून ठेवलं होतं.

कधी कधी मला त्या डावऱ्या पोराबद्दल विचित्र वाटतं. तो मोठा झाला असता तर कसा झाला असता? हे विचार तिकडे, रिकाम्या दुपारी, चौदाव्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या खिडकीत उभं राहिलं की येतात, जिथून समुद्र दिसतो आणि माणूस दिसत नाही. मी नम्र आहे, सगळे म्हणतात. सांगितलेलं ऐकतो, चेकलिस्ट कधी चुकवत नाही, कॅप्टनच्या मताला शक्यतो छेद देत नाही. उजवीकडच्या माणसात हे गुण चांगलेच. पण डावीकडच्याला शेवटी कुणाला विचारता येत नाही. त्याच्या पलीकडे फक्त खिडकी असते. मला भीती होती ती हाताची नव्हतीच बहुतेक. हाताबरोबर तो पोरगाही बांधलेल्या अवस्थेतच राहिला असेल आणि ऐन वेळी मी हाक मारली तर तो येणारच नाही, याची होती. आज तो आला होता. गाडी मळ्याच्या वाटेला वळवताना मला इतका आनंद झाला होता की आईला सगळं सांगून टाकायचं, मी ठरवलं.

आई शेवंतीच्या वाफ्यात होती. नवसाबाई म्हणजे माझी आई, बांध्याने लहान, साठीची, आणि दोन्ही हातांनी फुलं तोडते. दोन्ही हात असे चालतात की कुठला कुठला ते कळत नाही, आणि ओटी भरत जाते. तोडताना दोन्ही, देताना मात्र उजवाच. "विकली का समदी?" तिने मान वर न करता विचारलं.

"विकली. पण साळूमावशीनं माझा हात धरला."

"का रं?"

"भवानी डाव्या हातानं दिली मी."

आईचे हात थांबले. मला वाटलं, आता काहीतरी लागट ऐकावं लागणार. पण ती कंबर सरळ करत उठली आणि हसली. "आजून नाय सुधारली ती साळू. आरं, तिच्याचमुळं तर झालं समदं." आणि मग ते तिने इतक्या सहज सांगितलं, की भाजीचा भावही कुणी तितक्या सहज सांगत नाही. "तुला बाजारात न्यायचे मी. लय हौस तुला, गिऱ्हाइकाला मुठी भरभरून द्यायचा. आन् हात हाच फुडं. बाया फुलं परत टाकायच्या. साळूनं तर पाटीच बदलून मागितली, म्हनली फुलं बाटली. तुझे नाना तापानं फणफणलेले, मी एकटी, फुलं उन्हात माना टाकायला लागली. घरी आले आन् लुगडं फाडलं." एवढं बोलून तिने ओटीतली फुलं क्रेटमध्ये ओतली. "मंग काय करनार व्हते? तसाच सोडला आसता तर कुनी घेतली आसती का फुलं?"

मला राग आला. खरंच आला, एकदम, कानशिलं तापली. इतकी वर्षं या प्रसंगासाठी मी मनात वाक्यं तयार करून ठेवली होती आणि त्यातली दोन तर चांगली झणझणीत होती. पण समोर आई उन्हात डोळे बारीक करून उभी, पदराला शेवंतीच्या पाकळ्या चिकटलेल्या, आणि माझ्या अंगात सकाळचा तो आनंद अजून उसळत होता. त्या दोघांमध्ये माझ्या वाक्यांना जागाच मिळेना. "आई, आता हाच हात लागणार आहे मला," मी म्हणालो. "कॅप्टन व्हायला. परीक्षा पुढे गेली म्हणालो ना, ती याच्यामुळे गेली. हा ऐन वेळी थांबतो."

"थांबतो म्हंजी?"

"थांबतो. कुणीतरी हो म्हणायची वाट बघतो."

आई माझ्या हाताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "दाव मला. कसं बसत्यात विमानात?"

मी दोन रिकामे क्रेट आणून बांधावर शेजारी शेजारी पालथे टाकले. डावा माझा, उजवा तिचा. माझ्या डाव्या अंगाला मातीत खुरपं रोवलं, मूठ वर. दोघांच्या मधे फवारणीचा पाठीवरचा पंप ठेवला, त्याचा दांडा वरखाली होतो, तो इंजिनांचा. समोर झेंडूच्या दोन ओळींमधली सरी सरळ विहिरीपर्यंत गेलेली, ती धावपट्टी. आई पदर खोचून क्रेटवर बसली आणि पाय जुळवून समोर बघायला लागली, फोटोला बसल्यासारखी. "आन् मी कोन?"

"तू आता माझ्या जागेवर. फर्स्ट ऑफिसर."

"मंग मी काय करायचं?"

"मी चुकलो की सांगायचं."

"ते तर मी जलमभर करते," आई म्हणाली, आणि आम्ही दोघं इतके हसलो की पंप आडवा झाला. तो सरळ करून मी विमान खाली आणायला लागलो. तिला सांगत गेलो, हे बघ, आता चाकं सोडली, आता वेग कमी, आता विहीर मोठी दिसायला लागली. आईने गंभीरपणे विचारलं, "आन् वारं?" मी म्हणालो, वारं नाही इथे. "मंग कसं कळंल थांबतो का नाय ते?" असं म्हणून ती उठली, माझ्या डाव्या बाजूला येऊन बसली आणि तिने माझं कोपर धरलं. "हां. हे वारं." आणि ओढलं. मी खुरप्याची मूठ वळवली. तिने ढकललं, मी परत आणलं. ती जोर लावायला लागली, तिला मजा वाटायला लागली, साठीची बाई पोरीसारखी खिदळत होती, "घे, हे घे, आता हिकडून!" आणि हात जात होता, कुणाला न विचारता, थोडासा, पुरेसा, मागे, पुढे. ती सरी मला खरोखर धावपट्टी दिसायला लागली होती. आता उतरलंच, असं मी म्हणणार, तेवढ्यात तिने कोपर सोडून मनगट धरलं. दोन्ही हातांनी. आणि खाली दाबलं, माझ्या कमरेकडे, करदोड्याच्या जागी.

हात थांबला.

क्षणभरच, पण अगदी तसाच, सिम्युलेटरमधल्यासारखा. मनगटावर तिच्या बोटांची राठ कातडी, शेवंतीचा कडवट वास, आणि आत मुंग्या. मी हुकूम सोडला तरी तो हलेना. आईला ते कळलं. ज्या हातांनी तो बांधला होता त्यांना कळणारच. तिचं हसू गेलं. "लय वढायचा हा," ती हळू म्हणाली. "बांधला तरी वढायचा. चिंधी तुटायची. मी दोन दोन गाठी मारायचे. आता का थांबला?" तेवढ्यात नाना लंगडत बांधावर आले, पालथे क्रेट, रोवलेलं खुरपं आणि हातात हात धरून बसलेली मायलेकरं त्यांनी पाहिली. "काय चाललंय?"

"विमान उतरवतो कुंदन," आई म्हणाली.

"मंग उतरलं का?"

"नाय आजून." तिने माझं मनगट सोडलं आणि वाफ्यात गेली.

त्यानंतर आईने तो विषय काढला नाही. मीही नाही. सकाळचा उत्साह पार गेला असं नव्हे. तो परत परत यायचा, बाजारातली ती मूठ आठवली की अंगावर रोमांच उभे राहायचे, आणि लगेच मागोमाग बांधावरचं ते थांबणं. शुभांगीने फोनवर विचारलं, कसं काय चाललंय? मी म्हणालो, हात येतो, पण हाक कुणाची ऐकेल सांगता येत नाही. ती म्हणाली, "मग तू हाक मारूच नकोस." बोलायला सोपं. मी बाजारात आणखी दोनदा गेलो. साळूमावशी माझे दोन्ही हात डोळ्यांत तेल घालून बघायची आणि मी मुकाट उजव्या हाताने द्यायचो. जेवताना आई समोर असली की चमचा अजून आपोआप बदलला जायचा, आता लपवण्यासारखं काही राहिलेलं नसतानाही. आई तेही बघायची. आणि ताटात भाकरी टाकायची.

निघायच्या दिवशी दुपारी मुंबईला जाणारी गाडी मळ्याच्या वाटेवर येऊन उभी राहिली. ड्रायव्हरने बॅगा ठेवल्या. नानांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि विमानात थंडी फार असते तर स्वेटर वर ठेव म्हणून सांगितलं, मी इंदूरला निघालो होतो तेव्हापासून ते हेच सांगतात. मी पाया पडलो. आई आतून वाटी घेऊन आली. आमच्याकडे लांब निघालेल्या माणसाच्या हातावर दही घालतात, ते तिथेच चाटून घ्यायचं आणि मागे न बघता निघायचं. इंदूरला जाताना, पहिल्या नोकरीला जाताना, आखातात जाताना, दर रजेनंतर, हेच दही, हाच उंबरा. मी नेहमीसारखा उजवा तळहात पुढे केला. आईने चमचा भरला. घट्ट दही, वर साखर. चमचा माझ्या तळहातावर आला आणि तिथेच थांबला. तो उलटा होईना. मला वाटलं, काही विसरली. तिने माझ्या उजव्या हाताकडे पाहिलं.

"ह्यानं आजवर लय खाल्लं," आई म्हणाली. "त्या दुसऱ्याला दे."

"अगं, काय करते?" नाना घाबरलेच. "पोरगं प्रवासाला निघालं. डाव्या हातावर दही?"

"तुमी गप ऱ्हा. त्याला कळतंय." तिचा आवाज कोरडा होता, आणि चमचा तसाच वर धरलेला, दही त्याच्या कडेने ओघळायला लागलं होतं. गाडीतून ड्रायव्हर बघत होता. मी डावा हात पुढे करायचं ठरवलं, पण ठरवेपर्यंत तो पुढे झालेला होता.